विटाळ आणि तवंग : वऱ्हाडातील पाणवठ्यांच्या इतिहासाची एक बाजू

वऱ्हाडाचा जो इतिहास आपण महाविद्यालयात शिकतो आणि शिकवतो, तो मुख्यतः कापसाचा इतिहास आहे. १८५३ साली निजामाकडून हा मुलूख इंग्रजांच्या हाती आला, पुढल्या दशकात अमेरिकेतील यादवी युद्धाने मँचेस्टरच्या गिरण्यांचा कापूस तोडला आणि उमरावती, अकोला, खामगाव ही नावे लिव्हरपूलच्या बाजारात पोचली. रेल्वे आली, जिन आले, प्रेस आले. हे सारे खरे आहे. परंतु ज्या गाड्या कापसाच्या गाठी मुंबईला नेत होत्या, त्या परतताना काय घेऊन येत होत्या, हा प्रश्न फारसा कोणी विचारलेला नाही. त्या पुष्कळ काही आणत होत्या. त्यातली एक वस्तू म्हणजे रॉकेल. आणि रॉकेलमागोमाग पाण्याच्या इतिहासात एक नवे प्रकरण सुरू झाले, जे अजून कोणी नीट लिहून काढलेले नाही.

‘रॉकेल’ हा शब्द ‘रॉक ऑइल’वरून आला आणि ‘घासलेट’ हा ‘गॅसलाइट’वरून. आपल्याकडे मातीचे तेल असेही म्हणतात. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात हे तेल आधी अमेरिकेतून आले, ते पत्र्याच्या चौकोनी डब्यांत, दोन डब्यांची एक लाकडी पेटी करून. पुढे रशियातील बाकूचे आले, ब्रह्मदेशाचे आले. १८९२ साली तेलवाहू जहाजे सुएझ कालव्यातून जाऊ लागल्यावर तेल सुटे येऊन मोठ्या टाक्यांत साठू लागले, तरी खेड्यापर्यंत पोचायला डबाच लागे. एक डबा म्हणजे सुमारे चार गॅलन, अठरा लिटर. तेल संपले की डबा उरे, आणि हा उरलेला डबा ही गरिबाची मालमत्ता ठरली. ज्यांना पितळी गुंड परवडत नव्हता त्यांनी डब्याचे वरचे तोंड कापले, आत आडवी लाकडी दांडी ठोकली आणि पाणी वाहिले. दोन डबे कावडीला बांधले की एका खेपेत छत्तीस लिटर. डबा गंजला की तो चिरून, ठोकून सपाट करीत आणि झोपडीवर छप्पर म्हणून घालीत.

माझ्या आजीच्या घरी असा एक डबा होता. नवा डबा आणला की राख, माती आणि धुण्याचा सोडा यांनी तो आठवडाभर घासावा लागे, आणि तरीही पहिला महिनाभर पाण्याला वास यायचाच, असे ती सांगे. त्या वासाविषयी तिची तक्रार नव्हती. पाणी घरात आहे, हेच मोठे होते. शहाण्यासुरत्या माणसांच्या इतिहासग्रंथांत हा वास नाही. पण तेल आणि पिण्याचे पाणी यांची आपल्या वस्तीतील पहिली गाठ या डब्यात पडली, हे नोंदवून ठेवले पाहिजे.

आता विहिरीकडे वळू. गावगाड्यात महाराने गावविहिरीला शिवायचे नाही, दुरून कोणी ओतील ते पाणी ओंजळीत वा गाडग्यात घ्यायचे, नाहीतर नदीच्या पात्रात झिरा उकरायचा. ही व्यवस्था वऱ्हाडातही होती. वस्ती गावकुसाबाहेर आणि बहुधा उताराच्या अंगाला. म्हणजे गावाने वापरून सोडलेले सारे पाणी आधी आपल्या वस्तीवरून जाणार. भूगोलाचा हा मुद्दा वाचकांनी ध्यानात ठेवावा, पुढे तो पुन्हा येणार आहे.

या व्यवस्थेत पाण्याचे रक्षण होते काय? होते, आणि अतिशय कडक होते. परंतु ते रक्षण माणसाच्या स्पर्शापासून होते. महाडला २० मार्च १९२७ रोजी बाबासाहेबांनी चवदार तळ्याचे पाणी ओंजळीत घेतले आणि त्यानंतर तेथील सवर्णांनी १०८ घागरी पाणी उपसून, शेण, गोमूत्र, दूध, दही ओतून ते तळे ‘शुद्ध’ केले. ज्या तळ्यात जनावरे पाणी पीत होती त्या तळ्यात शेण मिसळून ते शुद्ध होते, ही शुद्धीची कल्पना आपण एकदा शांतपणे तपासून पाहिली पाहिजे. तिच्यात ‘विटाळ’ आहे, पण घाण नाही. पाण्यात प्रत्यक्ष काय मिसळले आहे, याच्याशी तिचा काहीच संबंध नाही. पाण्याजवळ कोण आला, एवढेच तिला दिसते. शेकडो वर्षे ज्या समाजाने पाण्यावर पहारा ठेवला, त्याने पाण्याकडे कधी पाहिलेच नाही, असे मला वाटते. आणि ज्याने पाहिलेच नाही त्याला पुढे तेलाचा तवंग कसा दिसावा?

महाडच्या त्याच वर्षी, नोव्हेंबर १९२७ मध्ये, अमरावतीला बाबासाहेबांच्या अध्यक्षतेखाली वऱ्हाडातील अस्पृश्यांची परिषद भरली. प्रश्न अंबादेवीच्या मंदिराचा होता. मंदिराचा म्हणून त्याची आठवण राहिली, पण मंदिर आणि पाणवठा हे दोन्ही प्रश्न त्या काळी एकाच श्वासात बोलले जात होते. १९२३ साली मुंबईच्या कायदे कौन्सिलात बोले यांचा सार्वजनिक पाणवठे खुले करण्याचा ठराव संमत झाला, तो मुंबई इलाख्यापुरता. वऱ्हाड मध्यप्रांताला जोडलेले असल्याने आपल्याला तो लागू नव्हता. अमरावती जिल्हा कौन्सिलचे अध्यक्ष असताना पंजाबराव देशमुखांनी सार्वजनिक विहिरी अस्पृश्यांना खुल्या केल्या, ही गोष्ट त्यामुळेच महत्त्वाची आहे. कागदावर खुली झालेली विहीर प्रत्यक्षात किती खुली झाली, हे त्या त्या गावच्या म्हाताऱ्यांना विचारावे.

कायद्यांचा क्रम पाहिला म्हणजे राज्यकर्त्यांना कशाची काळजी होती ते कळते. रॉकेलसाठी हिंदुस्थानात पेट्रोलियम कायदे झाले १८८६ साली, १८९९ साली आणि १९३४ साली. यातला शेवटचा आजही चालू आहे. वऱ्हाडच्या कापूस बाजाराला स्वतंत्र कायदा १८९७ साली मिळाला. आणि अस्पृश्याने सार्वजनिक विहिरीवर पाणी भरण्यास आडकाठी करणे हा गुन्हा ठरवणारा मध्यप्रांत-वऱ्हाडचा कायदा आला १९४७ साली. कापसाच्या वजनकाट्यानंतर बरोबर पन्नास वर्षांनी. तेलाला आग लागू नये याची चिंता सरकारला निदान एकसष्ट वर्षे आधीपासून होती.

मग तेल विहिरीत उतरले केव्हा? एका दिवसात नाही. रेल्वे यार्ड, जिन-प्रेस, त्यांची इंजिने आणि इंजिनांचे पिंप यांनी सुरुवात झाली. परंतु खेड्याच्या विहिरीत तेल घेऊन गेले ते शेतीचे इंजिन. स्वातंत्र्यानंतर मोट सुटू लागली आणि डिझेल इंजिन आले. येथे एक यांत्रिक गोष्ट सांगितली पाहिजे, कारण इतिहास कधी कधी अशाच गोष्टींवर वळतो. पंप पाणी वर ढकलू शकतो पुष्कळ, पण खालून ओढून घेऊ शकतो फार थोडे. व्यवहारात सहा-सात मीटर. त्याहून पाणी खोल गेले की पंप पाण्याजवळ न्यावा लागतो. म्हणून विहिरीच्या आतच काही हात खाली ओटा खोदून त्यावर इंजिन बसवीत. शेजारी डिझेलचा डबा, वंगणाची बाटली, पुसायची चिंधी. डिझेल ओतताना सांडले की खाली पाणीच. इंजिनाचे जुने काळे तेल बदलले की तेही बहुतेक वेळा तेथेच. त्या विहिरीचे पाणी पिकाला जाई, बैलांना जाई, आणि भर उन्हात निंदणाऱ्या बायांना प्यायलाही तेच मिळे. या बाया कोण होत्या हे वेगळे सांगायला नको. शेतमालकाच्या घरी गावातल्या विहिरीचे पाणी रांजणात असे.

पुढे वीज आली, इंजिने मागे पडली. १९७२ च्या दुष्काळानंतर बोअर आणि हातपंप आले. हातपंपाने दलितवस्तीला मोठा दिलासा दिला, हे निर्विवाद आहे. पहिल्यांदाच आपल्या दारात आपले पाणी आले, कोणाच्या मेहेरबानीवाचून. परंतु एक गोष्ट गेली. उघड्या विहिरीत वाकून पाहता येते. तेल आले तर उन्हात त्याचे सप्तरंगी कडे दिसते. बोअरच्या सहा इंची नळीत काही दिसत नाही. तेथे फक्त वास उरतो, आणि वासाची साक्ष कोणतेही कार्यालय लिहून घेत नाही.

आता आजच्या स्थितीविषयी. अकोल्याच्या पश्चिमेला, मुंबई-नागपूर लोहमार्गावर, बाळापूर तालुक्यात गायगाव आहे. तेथे पेट्रोलियम कंपन्यांचे डेपो आहेत आणि वऱ्हाडच्या पंपांना जाणारे टँकर तेथून भरतात. त्याच मार्गावरच्या पुढल्या पारस स्टेशनला १९६० च्या दशकापासून औष्णिक वीजकेंद्र आहे. हमरस्त्याने जाताना दर काही मैलांवर नवा पेट्रोलपंप दिसतो. जून २०२२ मध्ये अमरावती-अकोला मार्गावर ७५ किलोमीटर डांबरीकरण १०५ तास ३३ मिनिटांत करून जागतिक विक्रम झाला, तेव्हा आपल्या जिल्ह्यांची नावे जगभर गेली. पाणीपुरवठ्याच्या कामात असा विक्रम करण्याची घाई अजून कोणाला झालेली नाही. मी येथे कोणत्याही डेपोवर वा पंपावर गळतीचा आरोप करीत नाही. मला सांगायचे आहे ते या जमिनीविषयी.

पूर्णेच्या खोऱ्यात अमरावती, अकोला, बुलढाणा या तिन्ही जिल्ह्यांतून खारपाणपट्टा पसरला आहे. शेकडो गावांत जमिनीखालचे पाणी खारट. गोडे पाणी सापडते ते नदीकाठच्या वाळूत, एखाद्या जुन्या विहिरीत, वा दुरून नळाने आणलेले. अकोट-तेल्हाऱ्याकडे वान धरणावरून चौऱ्याऐंशी खेड्यांची योजना झाली ती यासाठीच. जिथे गोड्या विहिरी दहा आहेत तिथे एक बिघडली तर नऊ उरतात. खारपाणपट्ट्यात एकच असते.

आणि याच जमिनीत लोखंडी टाकी पुरणे सर्वांत धोक्याचे. मीठ लोखंड खाते, हे कोणाही गृहिणीला माहीत आहे. खाऱ्या, ओलसर मातीत पुरलेली पत्र्याची टाकी वा नळ, त्यावर चांगला लेप व संरक्षण नसेल, तर लवकर गंजतो. दुसरे म्हणजे आपली काळी कपाशीची माती. ती पावसाळ्यात फुगते आणि उन्हाळ्यात आकसते, तेव्हा हात जाईल एवढ्या भेगा पडतात. या ताणाने नळाचे सांधे हलतात. भेगांतून वर सांडलेले तेल सरळ खाली उतरते. खाली पूर्णेच्या गाळाची माती असेल तर तेल हळू पसरते. काळा खडक असेल तर त्याच्या फटीफटींतून कुठे जाऊन निघेल याचा नेम नाही. शेजारची विहीर सुटून फर्लांगभर लांबची बाधू शकते. तेल पाण्यापेक्षा हलके, म्हणून ते भूजलाच्या माथ्यावर तरंगते. उन्हाळ्यात पाणी उतरले की तेही उतरते आणि मधल्या मातीला माखून ठेवते; पावसाळ्यात पाणी चढले की ते पुन्हा सुटते. म्हणून ‘पाऊस पडला, विहीर धुऊन निघाली’ हे समाधान येथे खोटे आहे.

थोडा हिशेब करू. सेकंदाला एक थेंब गळत असेल तर दिवसाला चार लिटरच्या वर जाते, वर्षाला दीड हजार लिटर. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात खनिज तेलाची मर्यादा लिटरला अर्धा मिलिग्रॅम आहे. एक लिटर डिझेलचे वजन सुमारे ८३० ग्रॅम. म्हणजे ते सारे पाण्यात मिसळले असे धरले, तर एक लिटर डिझेल सोळा लाख लिटरहून अधिक पाणी मर्यादेपर्यंत नेऊन ठेवते. वीस फूट व्यासाची विहीर, तीत पंधरा-सोळा फूट पाणी, ही आपल्याकडची चांगली विहीर. तीत दीड लाखाच्या आत लिटर मावतात. प्रत्यक्षात बरेचसे डिझेल तरंगत राहते, सारे मिसळत नाही. पण पेट्रोलमधील बेंझीनसारखे घटक पाण्यात विरघळतात, दिसत नाहीत, आणि बेंझीन रक्ताचा कर्करोग करते. गावोगावी जी पाणी तपासणीची पेटी दिलेली असते तीत क्षार, फ्लोराइड, नायट्रेट, क्लोरीन, जंतू हे पाहता येते. तेल पाहण्याची सोय तीत नसते. खारपाणपट्ट्यात तर पाण्याची चव आधीच वाईट. तीत आणखी एक वाईट चव मिसळली तर ती कोण ओळखणार?

हे केवळ कल्पनेचे नाही. चेन्नईच्या तोंडियारपेट भागात २०१३ साली घरांच्या बोअरमध्ये डिझेल आढळले आणि बंदरापासून डेपोकडे जाणाऱ्या भारत पेट्रोलियमच्या जमिनीखालच्या नळाची गळती उघडकीला आली. वास प्रथम ओळखला तो पाणी भरणाऱ्यांनी.

कायदा काय म्हणतो? पेट्रोलियम नियम, २००२ मध्ये तेल निसटू नये म्हणून काळजी घेण्याची आज्ञा आहे. कुठे निसटू नये, तर गटारात, बंदरात, नदीत, जलप्रवाहात, सार्वजनिक रस्त्यावर, रेल्वेमार्गावर. या यादीत विहीर नाही. यादी ज्यांनी केली त्यांच्या डोळ्यांसमोर आग होती, जहाज होते, गाडी होती; पाणी भरणारी बाई नव्हती. या नियमांचा अंमल करणाऱ्या स्फोटक विभागाचे मुख्यालय आपल्या नागपुरातच आहे, एवढे जाता जाता सांगतो. १९७४ च्या जलप्रदूषण कायद्याच्या २४ व्या कलमात मात्र ‘विहीर’ हा शब्द स्पष्ट आहे. पण तेथे ‘जाणूनबुजून’ असाही शब्द आहे. आणि गळती ही जाणूनबुजून कोणीच करीत नाही. ती होत राहते आणि कोणी पाहत नाही. न पाहणे हा गुन्हा कसा ठरवायचा, हा त्या कायद्यापुढचा खरा पेच आहे.

जाणूनबुजून केल्याचीही उदाहरणे आहेत. मध्य प्रदेशातील आगर-माळवा जिल्ह्यात माना या गावी २०१७ साली एका दलित कुटुंबाने मुलीच्या लग्नात बँड वाजवला, म्हणून दलितांच्या विहिरीत रॉकेल ओतण्यात आले. नव्वद वर्षांपूर्वी महाडला आपण पाण्याला शिवलो म्हणून पाण्यात शेण पडले. माना गावी आपण बँड वाजवला म्हणून रॉकेल. हत्यार आधुनिक झाले. १९८९ च्या अत्याचार प्रतिबंधक कायद्यात यासाठी स्वतंत्र तरतूद आहे : अनुसूचित जाती-जमातींच्या नेहमीच्या वापरातला झरा, तलाव वा अन्य पाणवठा खराब करून तो वापराला कमी योग्य करणे हा गुन्हा आहे. २०१६ पासून अमलात आलेल्या दुरुस्तीनंतरही ती कायम आहे. ‘जाणूनबुजून’ हा शब्द या तरतुदीत नाही. पंप वा डेपो यांच्या गळतीला ती कितपत लावता येईल हा न्यायालयाचा प्रश्न. परंतु आपल्या वकील मित्रांनी ती वाचून तरी ठेवावी, कारण शिवीगाळीच्या फिर्यादीत हा कायदा जितका वापरला जातो तितका पाण्याच्या फिर्यादीत वापरला जात नाही.

आमच्याच जुन्या अकोला जिल्ह्यातून निघालेल्या वाशिम जिल्ह्यात, मालेगाव तालुक्यातील कळंबेश्वर येथे २०१६ साली एका दलित मजुराच्या बायकोला विहिरीवर पाणी भरू दिले नाही. त्याने चाळीस दिवस एकट्याने खणून स्वतःची विहीर पाडली आणि तीस पाणी लागले. वर्तमानपत्रांनी त्याचे कौतुक केले. मला त्या कौतुकाचा राग येतो. ज्या देशाच्या संविधानाच्या १५ व्या कलमात विहिरी व तलाव शब्दशः लिहिले आहेत, तेथे माणसाला खडक फोडावा लागतो, ही बातमी कौतुकाची कशी? पण मुद्दा पुढचा आहे. असे खणून मिळवलेले, वा हातपंपाने मिळालेले, वा योजनेच्या नळाने आलेले पाणी ही आपली कमाई आहे. तिच्या उशाशी उद्या पेट्रोलपंप उभा राहिला, शाळेच्या आवारात जनित्राच्या डिझेलची टाकी ठेवली गेली, गॅरेजवाल्याने काळे तेल नाल्यात सोडले, तर ग्रामसभेत उभे राहून विचारणारा कोण?

विचारायचे प्रश्न अवघड नाहीत. टाकी पाणवठ्याच्या उताराच्या वर आहे की खाली? टाकी एकपदरी की दुपदरी, केव्हा पुरली, गळतीची चाचणी शेवटची कधी झाली? जमिनीवरच्या टाकीभोवती तेवढे तेल मावेल असा पक्का बांध आहे काय? प्रत्येक पंपावर रोज सकाळी टाकीत मापपट्टी घालून साठा मोजतात आणि विक्रीशी ताळा घालतात. तो ताळा रोज थोडाथोडा तुटत असेल तर मालकाला गळती गावाच्या आधी कळते. ही नोंदवही पाहण्याची मागणी ग्रामसभेने का करू नये? बंद पडलेल्या पंपाची वा जिनाची पुरलेली टाकी उपसून काढली की तशीच सोडली? आणि टाकी येण्याआधी जवळच्या सर्व विहिरी-बोअरचे पाणी तेलासह तपासून तो कागद ग्रामपंचायतीत ठेवला आहे काय? हा शेवटचा कागद फार मोलाचा. तो नसेल तर पुढे ‘तुमचे पाणी आधीपासूनच असे होते’ हे उत्तर ठरलेले असते, आणि खारपाणपट्ट्यात ते उत्तर खपूनही जाते.

आमच्या विद्यार्थ्यांना मी यंदा आपापल्या गावच्या पाणवठ्यांची यादी करायला सांगितली आहे : विहिरीचे नाव, कोणत्या वस्तीची, पाणी गोडे की खारे, आणि तिच्यापासून पाचशे पावलांत तेल कुठे कुठे साठवले जाते. पहिल्या पंधरवड्यात एकोणीस गावांच्या याद्या आल्या. नऊ याद्यांमध्ये दलितवस्तीचा पाणवठा लिहायचा राहून गेला होता, आणि त्यातल्या चार याद्या आपल्याच मुलांनी केलेल्या होत्या. त्या मी परत दिल्या आहेत.